शंकासुराचा काटा

माझ्या धाकट्या भावाला बाजारात सगळे शंकासुर म्हणतात आणि त्याला त्याचा राग येत नाही. उलट दुकानाची पाटी असावी तसं तो हे नाव मिरवतो. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. भाजीवाल्याचा काटा, भंगारवाल्याचा अवजड काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक काटा, सगळे त्याच्या टेबलावर येतात आणि मुकाट्याने उलटतपासणीला बसतात. कुणी काटा मारलाय हे त्याला वासावरून कळतं, असं लोक म्हणतात. मी त्याची सख्खी बहीण. मी म्हणते, वासबीस काही नाही. तो सगळ्यांनाच चोर धरून चालतो, मग अधूनमधून एखादा खरा चोर सापडणारच.

दुकान आमच्या बाबांचं. त्यांनी घालून दिलेला एक नियम तो अजून पाळतो. आपल्या दुकानातला काटा आपण तपासायचा नाही, त्यासाठी पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीला बोलवायचं. त्याच टेबलाशी बाबा एकदा छाती चोळत खाली बसले ते उठलेच नाहीत. नुकती कुठे चाळिशी ओलांडली होती त्यांनी. आठवडाभर दुखत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते पित्त ठरवून टाकलं होतं.

भाऊ आता त्याच वयाच्या उंबरठ्यावर आला होता. आणि मला त्याचा संशय येत होता.

मी शिवणकाम करते. त्याचे शर्ट मीच शिवते. दर वेळी पोटावर माप वाढत होतं आणि दर वेळी तो म्हणायचा, "ताई, तुझी टेप आटलीय." माझं घर तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी हा दोन दोन पायऱ्या गाळून वर यायचा. आता दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ त्याच्या पावलांचा आवाज थांबायचा. एकदा मी दार उघडून वाकून पाहिलं तर स्वारी कठड्याला धरून उभी, तोंड उघडं.

"काय झालं रे?"

"काही नाही. तुमचे विजेचे मीटर बघतोय. तुझा जरा जास्तच पळतोय."

त्याच्या झोपेचं काही खरं नव्हतं. जेवण टेबलाशी उभ्या उभ्या व्हायचं, आणि खणात खाऱ्या दाण्यांची बरणी कधी रिकामी नसायची. वर म्हणायचा, मला कसलंही व्यसन नाही.

मग बाजारात तरुण माणसांसाठी हृदयतपासणीचं शिबिर लागलं. मी त्याला जवळजवळ कान धरूनच नेलं. नर्सने दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि बाबांचं विचारलं. मग म्हणाली, वडील इतक्या लवकर गेलेत, तुमचा दाब चढलेला आहे, तर रक्तातली चरबी, साखर आणि ईसीजी एवढं करून घ्या. दुखायला लागेपर्यंत थांबू नका. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर यानं विचारलं, "हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?"

ती हसली. झालं! तिथेच सगळं बिनसलं.

"बघितलंस? उत्तर नाही तिच्याकडे," परतीच्या वाटेवर तो सांगू लागला. "फुकट तपासणी, आणि प्रत्येकात काहीतरी निघतंच. गोळ्यांचं दुकान कुणाच्या मेव्हण्याचं आहे ते आधी शोध."

माझं डोकं असं फिरलं की मी स्वतःच एक यंत्र आणलं, तबकडीवर काटा फिरतो तसलं, दाबायला रबरी फुगा असलेलं. नर्सकडे जाऊन कानात नळी घालून ते वापरायला शिकले. त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा शिबिरातलाच.

"दे इकडे, बघतो याचं काय दुखतंय ते," म्हणून तो यंत्र दुकानात घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो भावजयीला घेऊन आला. यंत्र पुसूनबिसून चकचकीत केलेलं. "काटा जास्त दाखवत होता. आतली दांडी लावून दिलीय. मोज आता."

मी मोजलं. आकडा अगदी पुस्तकातला! खरं सांगते, मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. उगाच पोराच्या मागे लागले असंही वाटून गेलं. त्याला तर चेवच चढला. "आता हिला लाव," म्हणाला.

भावजय माझ्याच ओट्याशी भाजी चिरत होती. तिला बसवून पट्टा बांधला आणि दाब मोजला. एवढा खाली गेलेला दाब मी कधी पाहिला नव्हता. पुन्हा मोजला, तेच. भाऊ पांढराफटक पडला.

"आडवी हो," तो म्हणाला. "पाय वर घे. बोलू नकोस."

"अहो, मला काही होत नाहीये. भाजी राहिलीय."

"भाजी गेली खड्ड्यात!"

समोरच्याच इमारतीत डॉक्टरीणबाई राहतात. रविवार असूनही त्याने त्यांचं दार ठोठावून ठोठावून त्यांना उठवलं. बाईंनी भावजयीचे दोन्ही दंड तपासले, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "यांचा दाब उत्तम आहे. कुणी घाबरवलं तुम्हाला?"

त्याने यंत्र पुढे केलं. बाईंनी ते स्वतः लावून पाहिलं, मग काही न बोलता याचा दंड पुढे ओढला. याच्या यंत्रावर पुस्तकातला आकडा. बाईंच्या यंत्रावर शिबिरातला, किंबहुना थोडा वरच.

"हे तुम्ही दुरुस्त केलंत?"

"हो."

"दुरुस्त करताना ताडून कशाशी पाहिलं? तुमच्याकडे खरी वजनं असतात. दाबाचं खरं माप कुठून आणलंत?"

तो आपल्या नखांतलं वंगण कोरू लागला. "माझ्यावरून," तो म्हणाला. "बाबा विड्या ओढायचे, मी ओढत नाही. मला काही झालेलं नाही. म्हणजे माझा दाब बरोबरच असणार. तो बरोबर दिसेल असा काटा लावला."

मला हसावं की रडावं कळेना. जन्मभर दुसऱ्यांचे मारलेले काटे पकडणाऱ्या माझ्या भावाने बाबांच्या टेबलावर बसून स्वतःवरच काटा मारला होता. आणि वर त्याला दुरुस्ती म्हणत होता.

भावजय एरवी त्याच्यापुढे फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "माझ्या दंडाला लावलं तेव्हा यंत्र लगेच खरं झालं. घर डोक्यावर घेतलंत. तुमच्या दंडावर चढलेला आकडा दाखवला तेव्हा मात्र तेच खोटं. असं कसं हो?"

त्याने बाही खाली केली आणि बाईंना विचारलं, "रक्त कधी द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. एका प्रयोगशाळेवर विश्वास नाही म्हणून दोन ठिकाणी दिलं. दोन्हीकडे चरबी भरमसाट निघाली. ईसीजी ठीक होता. बाई म्हणाल्या, हृदयाला अजून धक्का लागलेला दिसत नाही, वेळेवर आलात, आता दाब आणि चरबी दोन्ही खाली आणू. गोळ्या सुरू झाल्या. दाण्यांची बरणी माझ्याकडे आली. रात्रीचं काम बंद झालं, झोपेची वेळ ठरली आणि सकाळी दोघं नवराबायको चालायला जाऊ लागली. पहिले काही दिवस मी संशयाने मागोमाग गेले, कुठे बाकावर बसतो का ते बघायला. नाही बसला. घरातलं मीठ मात्र तो सोनाराच्या काट्यावर तोलून देतो. भावजय वैतागते, मी म्हणते तोलू दे.

जत्रेत कुस्ती जिंकल्यासारखा तो एरवी कधी हसत नाही, पण परवा तसा हसत आला. तीन मजले चढून, मीटर न बघता. बाबा ज्या वयात गेले त्यापेक्षा तो त्या दिवशी एका दिवसाने मोठा झाला होता. आम्ही दोघांनीही मनात तारीख धरली होती आणि एकमेकांना कळू दिलं नव्हतं.

त्याने पिशवीतलं यंत्र माझ्यापुढे ठेवलं, खिशातून किल्ल्या, पाकीट काढून ठेवलं आणि बाही वर केली. "ताई, मोज."

"अरे, यंत्र तर तुझ्याच घरी असतं, तूच मोज की. आता तर पलीकडच्या मिस्त्रीकडून बाईंच्या यंत्राशी ताडून घेतलंयस."

"यंत्र चांगलंय गं," तो म्हणाला. "वाचणारा मी असतो ना. त्याचा भरवसा नाही."