हेडसरांच्या कॉम्प्युटरमधले देव

हेडसरांनी आयुष्यात काही फेकलं नाही. शाळेत होते तेव्हा खडूचे तुकडे डब्यात साठवायचे. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छा साठवू लागले. सकाळी कुणी बालाजीचा फोटो पाठवला की सर त्याला नमस्कार करत, उत्तर देत आणि दर रविवारी वायर लावून आठवड्याचे सगळे देव कॉम्प्युटरमध्ये नेऊन बसवत. "राहू दे, लागते कधी," हे त्यांचं ब्रीद. गेल्या वर्षीची शुभ सकाळ यंदा कशाला लागते, हे विचारायची माझी छाती नव्हती. मी त्यांचाच विद्यार्थी.

सर मूळचे वडनेर भोलजीचे. नोकरीनिमित्त आमच्या गावात आले आणि इथलेच झाले, भाषा मात्र 'मले-तुले'चीच राहिली. देऊळगाव राजात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते दुकान म्हणजे आपल्याच वर्गाची वाढीव खोली, असा सरांचा समज होता. आले की गिऱ्हाइकांदेखत माझी नखं तपासायचे. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, मुकाट्यानं हात पुढे करायचो.

एका शनिवारी दुपारी ते सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आले. सोबत गावातलीच वंदना, रडवेली.

"पाह्य बे, नुसता गोल फिरून राह्यला. सुरूच होत नाही."

वंदनाचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण जात पडताळणीत पणजोबांची शाळेतली नोंद मागितली होती. सुनावणी सोमवारी. शाळेतलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर वाळवीनं केव्हाच संपवलेलं. वाळवीच्या आधी सरांनी हौसेनं त्याच्या पानापानाचा फोटो काढून ठेवला होता. तेव्हा अख्खा गाव त्यांना हसला होता. आता तोच गाव त्या फोटोंना नवस बोलायला तयार होता, आणि फोटो या मुक्या पेटीत.

मी डिस्क काढून माझ्या कॉम्प्युटरला जोडली. रोग लगेच सापडला. डिस्क इतकी ठासून भरली होती की बिचाऱ्या कॉम्प्युटरला जागं व्हायलाही जागा उरली नव्हती. 'महत्त्वाचे' नावाचं फोल्डर उघडलं, त्यात मारुती. 'अति महत्त्वाचे' उघडलं, त्यात गजानन आणि गुलाबाची फुलं. 'खरे महत्त्वाचे' उघडलं, त्यात चहाचा कप आणि सुविचार. फोटोंना नावं नाहीत, नुसते आकडे. रजिस्टरची पानं या गर्दीत कुठेही असू शकत होती.

"सर, देव काढत गेलो तर पानं सापडतील आणि मशीनही सुरू होईल."

"काढून कुठी टाकशील?"

मी पडद्यावरच्या कचरापेटीकडे बोट दाखवलं. सर ताडकन उठले. "देवाले कचऱ्याच्या डब्यात टाकतं काय बे? हे शिकवलं मी तुले?"

वंदना घड्याळाकडे बघत राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले. म्हणाले, "देवाले समजावता येते. हापिसातल्या साहेबाले नाही येत. पण डब्यात नको, पोरा."

तेव्हा मला सुचलं. "सर, शिफ्ट दाबून पुसलं की कचरापेटीत जात नाही. थेट जातं."

"थेट? मंग चालते. ते इसर्जनच झालं!"

मी 'विसर्जन' नावाचं फोल्डर केलं. सर एकेका फोटोकडे पाहून "देव" किंवा "सुविचार" म्हणत, मी सरकवत जाई. सुविचारांना त्यांनी जराही दयामाया दाखवली नाही. देवांपुढे मात्र हात जोडून "पुनरागमनाय च" म्हणत. उन्हं कलायला लागली तेव्हा पणजोबा सापडले, 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये. वंदना रडायलाच लागली. मी डिलीट दाबलं तेव्हा सर शिफ्टवर बोट ठेवून डोळे मिटून बसले होते.

सोमवारी काम झालं. वंदना आता जालन्याला नर्स आहे.

गेल्या वर्षी सर गेले. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलानं तोच सीपीयू माझ्याकडे आणून टाकला. "फॉरमॅट करून कुणाला तरी देऊन टाका," म्हणाला. मी बटण दाबलं, लगेच सुरू झाला. समोरच एक फोल्डर होतं, 'रजिस्टर: लोकांचे'. शेजारी दुसरं, 'विसर्जन'. त्यात नंतर आलेले सगळे देव सरांनी स्वतःच रांगेत लावून ठेवले होते. त्याच रांगेत सगळ्यात शेवटी एक पासपोर्ट साइझ फोटो होता. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला, सरांचा स्वतःचा.

मला बराच वेळ काही दिसेना.

मग शिफ्ट दाबून देवांना निरोप दिला. सरांचा फोटो तेवढा उचलून रजिस्टरमध्ये ठेवला, पहिल्या पानाच्याही आधी. सीपीयू फॉरमॅट न करता दुकानातच ठेवून घेतला. अजूनही कुणी ना कुणी पणजोबा शोधत दुकानात येतं. फोल्डर उघडलं की आधी सर दिसतात, आणि मी पटकन नखं बघून घेतो.