सेल्फचा रिले

या सदरातले अनुभव मी वाचतो ते चूक शोधायला. वाऱ्यानं दार आपटलेलं असतं, उंदरानं भांडं पाडलेलं असतं... बहुतेकांचं उत्तर त्यांच्याच मजकुरात सापडतं. मी राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. काटा दाखवेल ते खरं, एवढंच मला कळतं. करणी, मूठ, भूतबाधा यातलं काहीही मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण या एका गोष्टीत मला चूक सापडत नाही. आणि ती सापडावी अशी माझी फार इच्छा आहे.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जंगलाला लागून. नाव देत नाही. गाडी पेट्रोलवरची, वीस वर्षं जुनी. मागच्या पावसाळ्यात तिला रोग लागला. चावी फिरवली की नुसतं 'टक्', इंजिन चालू करणारा सेल्फ फिरायचा नाही. कधी पाचव्या खेपेला फिरायचा, कधी माणसं बोलावून धक्का मारावा लागायचा.

शेजारचा दिवाकर शेतावरचे मोटारपंप दुरुस्त करतो. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो. आम्ही दोघांनी मिळून रोग शोधला. बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या खाली जात नव्हती, म्हणजे ती ठीक. अर्थिंगची पट्टी गंजलेली होती, ती घासली. तरी टक्-टक् राहिलंच. शेवटी दोष निघाला सेल्फच्या रिलेत. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान काळी डबी. चावी फिरवली की तीच सेल्फकडे करंट सोडते. ती नसेल तर चावी मोडेपर्यंत फिरवा, सेल्फ हलणार नाही. नवा रिले बसवला आणि जुन्यात मिसळू नये म्हणून त्यावर सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

दिवाकर हसला. "टिकली लावली का जी भाऊ तिले? आता माहेरी नाई पळत."

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही.

पुढे गावच्या पोलीस पाटलाची जागा निघाली. आमच्या सुनेनं, प्रणालीनं, अर्ज भरला. लेखी परीक्षेत गावातून दोघंच पुढे आले – प्रणाली आणि दिवाकरचा मुलगा. मुलाखत ब्रह्मपुरीला होती. जो हजर नाही तो बाद. सकाळची बस बंद होती, आमचा मुलगा घुग्घुसला कामावर आणि रस्त्याच्या कडेला वाघ दिसल्यापासून मोटारसायकलवर जायला बायको नाही म्हणत होती. म्हणजे गाडीच.

आदल्या संध्याकाळी दिवाकर आपणहून आला. "उद्याचं काम मोठं हाय, भाऊ. एक डाव पाहून घेतो."

त्यानं बॉनेट उघडलं. मी चहाचं सांगायला आत गेलो. बाहेर आलो तर बॉनेट बंद करून तो हात पुसत होता.

"बिनधास्त जा," म्हणाला. चहा घेऊन गेला.

सकाळी चावी फिरवली आणि गाडी लगेच चालू झाली. बायको अंगणात उभी होती, प्रणाली शेजारच्या सीटवर होती. धक्का नाही, उतार नाही. चावीनं.

ब्रह्मपुरीला कचेरीच्या आवारात गाडी लावली. मुलाखत होईपर्यंत मी गाडीतच बसून होतो. एकदा लघवीला कुंपणाशी गेलो, तेव्हाही गाडी नजरेसमोर होती. बॉनेट आतल्या खटक्याशिवाय उघडत नाही.

प्रणाली खुशीत आली. चावी फिरवली... काही नाही. 'टक्'सुद्धा नाही. हेडलाइट लावले, लख्ख. गाडीतल्या मीटरवर बॅटरी १२.५. बॉनेट उघडून फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं, तर सेल्फच्या रिलेची खोबण रिकामी. झाकणाच्या क्लिपा जागेवर होत्या. निसटून पडला असता तरी डब्यातच सापडला असता. नव्हता. हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो, तो काढून तिथे बसवला. गाडी चालू झाली. हॉर्नशिवाय घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाकर आला. खुर्ची दिली तरी बसला नाही, पायरीवर बसला.

"भाऊ, काल गाडी कशी चालू झाली?"

"चावीनं."

"तसं नाई... कशी चालू झाली?"

त्यानं शर्टाच्या खिशातून रिले काढून पायरीवर ठेवला. लाल ठिपक्याचा.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"कवा काढला?"

"परवा संध्याकाळी. तुम्ही चहाचं सांगाले गेल्ते तवा."

"काऊन, दिवाकर?"

"पोरगा घरी बसून हाय, भाऊ. मले वाटलं, बाईची मुलाखत हुकली त हुकली... तुमच्या घरी कमावता हाय." तो मान वर करत नव्हता. "सकाळी मी खिडकीतून पाहून राह्यलो होतो. तुम्ही चावी फिरवली अन् सेल्फ मारला. मी खिशात हात घातला. रिले खिशातच होता, भाऊ."

आतून बायको बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "परवाचा चहा पचला का, भाऊजी?" एवढंच विचारून ती परत आत गेली.

दिवाकरनं हात जोडले. "देवानं दाखवलं मले. पूजा घालू का?"

पूजेचं मी ऐकलंच नाही. मी मनात हिशेब मांडत होतो. सकाळी सेल्फ फिरला म्हणजे रिले जागेवर होता. जागेवर होता म्हणजे दिवाकरनं तो काढलेला नव्हता. हे एकच उत्तर गाडीच्या बाबतीत बसतं आणि त्या उत्तरात माझा शेजारी चोर ठरत नाही.

"दिवाकर," मी म्हणालो, "तुले हा रस्त्यावर सापडला असंन. माझी गाडी गेल्यावर. आठवून पाह्य."

"नाई."

"पोरानं आणून देला असंन ब्रह्मपुरीहून."

"त्याले यातलं काईच मालूम नाई. मीच काढला."

"अरे, खोटं सांग, पण दुसरं काही सांग."

त्यानं डोळे पुसले. "नाई भाऊ. तुमच्याशी आता खोटं नाई बोलत."

निवड प्रणालीची झाली. आमचा मुलगा म्हणतो, तक्रार करा. बायको म्हणते, कोणाकडे, पोलीस पाटील तर घरातच आहे. तक्रार केली नाही. दिवाकरच्या दारावरून जातो, बोलत नाही.

मी प्रयोग मात्र केले. रिले काढून चावी फिरवली, कोरड्या हवेत, पावसात, गरम इंजिनावर, थंड इंजिनावर. प्रत्येक वेळी सेल्फ मेलेला. वायरिंग तपासून घेतलं. कुठे शॉर्ट नाही, दुसऱ्या वाटेनं करंट जात नाही. रिले नीट बसवून खड्ड्यांच्या रस्त्यानं गाडी आपटत नेली. तो जागचा हलला नाही.

गाड्यांतले जाणकार हे वाचत असतील तर त्यांनी कारण जरूर कळवावं. देवीनं लेकराला पोचवलं, असं गाव म्हणतं. म्हणोत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. त्या सकाळी रिले खोबणीत होता, एवढं कोणी मला पटवून दिलं, तर मी आजच दिवाकरच्या घरी जाईन.