झऱ्याच्या वरचा खड्डा

मला एका जागी बसवत नाही. एसटीत तीनदा जागा बदलल्यावर शेजारच्या आजोबांनी विचारलंच, "भाऊ, मुंग्या चावत्यात का?" मुंग्या कसल्या, मला एक पत्रक चावत होतं. बीएचसी या कीटकनाशक पावडरीवर बंदी आली, तेव्हा गावोगाव गेलेलं पत्रक पुण्याच्या कचेरीत मीच लिहिलं होतं. 'शिल्लक साठा ताबडतोब नष्ट करावा.' त्या वाक्यावर मी फार खूश होतो. वर्षभरानं, त्याचं पुढे काय झालं ते पाहायला रजा टाकून निघालो.

आळे गावी उतरून एका खत-औषधांच्या दुकानात शिरलो. दुकानदार शेठ मूळचे राजस्थानी, बोलणं मात्र पक्कं इथलं. मी सरकारी माणूस म्हटल्यावर त्यांनी मागची सील ठोकलेली खोली दाखवली. आत बंदी आलेली पोती.

"सील तुमचं, वास आमचा," ते म्हणाले. "पोती कुटं न्यायची ते कुनी सांगत न्हाई. ह्या भिंतीपलीकडं आमी जेवतो, राव."

त्यांनी मागवलेली गरम भजी मी उभ्यानंच खाल्ली आणि गाडीचं निमित्त करून सटकलो.

तिथून मागं येऊन मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याच्या धरणाचं निळं पाणी बराच वेळ सोबतीला. तळेघरला उतरून पुढच्या वाडीपर्यंत तासभर चाल. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. भातखाचरं (बांध घातलेली शेतं) कापून मोकळी झाली होती आणि अंगणा-अंगणात नाचणी वाळत होती.

पहिल्याच घरातल्या सखूबाईंनी तांब्या पुढे केला. "पावणं, आदी पानी घ्या."

दोन तांबे घटाघट प्यायलो. पाण्याला कुबट वास होता.

"पावसाळ्यापासनं येतो," त्या म्हणाल्या. "झऱ्यात पाला कुजला आसंल."

मी पावडरीचं विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. "पाटलानं सरकारचा कागद वाचला. बेण्याच्या कणगीतली (बियाण्याच्या कोठीतली) सुदिक समद्यांनी आनून दिली. खड्डा खांदून पुरली. चिमूटभर ठिवली न्हाई!"

माझं वाक्य कुणीतरी शब्दशः पाळलं होतं. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"खड्डा कुठं?"

"खाचरात कसा खांदायचा? भात नासंल. वर माळाला."

मी अनवाणीच वर गेलो. खड्डा दगडांनी नीट झाकलेला. त्याच्या थेट खाली, उताराच्या पायथ्याशी, झरा.

खाली येऊन सांगितलं, हे पाणी पिऊ नका. पत्रक माझंच, हेही सांगितलं.

सखूबाई भरलेल्या हंड्यांकडे बघत राहिल्या. "दुसरं पानी खालच्या वड्याला (ओढ्याला). जाऊन येस्तवर अर्दा दीस जातो." मग शांतपणे म्हणाल्या, "कुटं पुरायची न्हाई, येवढं लिवलं आसतं तर?"

मी निघालो तेव्हा त्या हंडे अंगणाबाहेर ओतत होत्या, आणि रिकामे हंडे घेतलेल्या दोघीजणी बांधावर त्यांची वाट बघत होत्या.

पुण्याला येताच खड्डा उपसायची आणि पाणी तपासायची मागणी लिहून दिली. आठवड्यानं फाइल परत आली. वाडीचा साठा नष्ट झाल्याचा अहवाल आधीच आलेला असल्यानं प्रकरण बंद.

बंदी योग्यच होती, आजही तेच म्हणेन. पण खड्डा तिथंच आहे, आणि सखूबाई आज ओढ्यावर गेल्या असतील. मी सांगितलेलं त्या ऐकतात.