माझ्या घरचा चहा

चहा तसाच राहिला. कप भरलेले, वर साय धरलेली, आणि आमच्या खोलीत बसलेली सगळी मंडळी मला सांगत होती की आज उपास आहे.

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस होते. आमच्या चर्चमध्ये लेंटमध्ये रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. कॉटेज मीटिंग म्हणतो आम्ही. आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. गायन, शास्त्रवाचन म्हणजे बायबल वाचणं, पाळकसाहेबांचा छोटा संदेश, शेवटी चहा. चर्च ठाण्याला आणि मी राहते डोंबिवलीत, मानपाड्याला चाळीत. लग्न होऊन इकडे आले तरी चर्च बदललं नाही मी. पण इतक्या वर्षांत माझ्या घराचा नंबर काही लागला नाही. लांब पडतं, गाडी लावायला जागा नाही, कंपन्यांचा वास येतो, काही ना काही निघायचंच. ह्या वर्षी मी पाळकसाहेबांच्या मागेच लागले. ते नवीन आलेले, तरुण. म्हणाले, येतो.

मी काय नाचले होते तेव्हा! सुट्टी टाकली. भिंतीला चुना मारला. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली. शेजारच्या सुनंदाने तिच्याकडच्या खुर्च्या दिल्या, आणखी दोन घरांतून आणून दिल्या. कप मी नवे आणलेले, पांढरे, सोनेरी काठाचे. आलं किसून, वेलची कुटून चहा केला. बटाटेवडे केले. सुनंदा म्हणाली, अगं लग्न आहे का घरात? मी म्हटलं, त्याच्यापेक्षा मोठं आहे.

गायन झालं. प्रार्थना झाली. माझ्या घरावर आशीर्वाद मागितला त्यांनी, दारावर, चुलीवर, नाव घेऊन. माझे डोळे भरून आले. मग मी ट्रे घेऊन पहिल्यांदा बाईंपुढे गेले.

बाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी. नौपाड्यात राहतात, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मला लहानपणी संडे स्कूलला त्यांनीच शिकवलं, म्हणून मी अजून त्यांना बाईच म्हणते. त्यांनी ट्रेकडे बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "आमचा उपास आहे गं आज."

त्यांच्या शेजारणीचाही उपास निघाला. मग तिच्या शेजारणीचा. पाळकसाहेबांनी कपाला हात लावलेला, तो बाईंकडे बघून मागे घेतला. हे मी बघितलं. आदल्याच संध्याकाळी बाईंच्या फ्लॅटवर प्रार्थना होती तेव्हा ह्याच मंडळींनी कटलेट खाल्लेली आणि चहा दोनदा घेतलेला. कपबशा मीच विसळल्या होत्या ना, मला माहीत.

तरी मी म्हटलं, असेल. लेंट आहे. कुणी काही ठरवलं असेल देवाशी, आपण कोण विचारणार.

ते गेल्यावर बघते तर बाईंचा चष्मा खुर्चीवर. मी तसाच उचलला आणि पळत खाली गेले. चाळीच्या तोंडाशी टपरी आहे, तिथे सगळे उभे होते. हातात कटिंग. बाई फुंकर घालून पीत होत्या. पाळकसाहेब तेवढे गाडीत जाऊन बसलेले.

त्या टपरीवाल्याचे ग्लास एका बादलीत बुडवून निघतात. सगळ्या चाळीला माहीत आहे.

मी चष्मा पुढे केला. बाईंनी घेतला, घातला, आणि म्हणाल्या, "घसा कोरडा पडला होता गं." आवाज इतका साधा की मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं बघितलं. मी मान हलवली. हो, मान हलवली आणि परत आले. आजही त्या मान हलवण्याचा राग येतो मला.

घरी सुनंदा खुर्च्या उचलत होती. तिने माझं तोंड बघितलं, ट्रेकडे बघितलं, आणि काही न विचारता एक गार कप उचलून पिऊन टाकला. मग म्हणाली, "हेच नको म्हणून आमच्या बापजाद्यांनी दीक्षा घेतली. तुमच्याही लोकांनी हेच सोडलं ना? मग हे तुमच्या मागे कसं आलं?"

आमच्यात जात नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. चर्चच्या स्टेजवरून तर दर दोन महिन्यांनी सांगतात. पण बाई आपल्या पणजोबांची गोष्ट सांगतात तेव्हा ते किती मोठ्या घरातले होते, किती पोथ्या त्यांना पाठ होत्या, हे आधी येतं आणि प्रभूसाठी त्यांनी सगळं सोडलं हे नंतर येतं. माझ्या पणजोबांची गोष्ट कुणी विचारत नाही. ते गावकुसाबाहेरचे, मेलेली ढोरं ओढणारे. त्यांनीही सोडलं. माझे वडील खोपटच्या एसटी डेपोत झाडू मारायचे. मी नौपाड्यात एका हॉस्पिटलला हाउसकीपिंगमध्ये आहे. लादी, बाथरूम, बेडपॅन. लपवण्यासारखं काय आहे त्यात? बाईंचे यजमान आजारी होते तेव्हा त्याच हॉस्पिटलला होते आणि त्यांचं सगळं मी केलंय. तेव्हा माझे हात चालले.

लहानपणीची एक गोष्ट आहे. आमच्यात पिकांचा सण असतो, हार्वेस्ट. सगळे घरून काही ना काही आणतात, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी केक, आणि उपासना झाल्यावर चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला. आईने करंज्या केलेल्या. डबा घासून चकचकीत केलेला, वर क्रोशाचा रुमाल. लिलाव करणाऱ्या अंकलनी डबा उचलला, कुणाच्या करंज्या ते सांगितलं, आणि बोली लागेना. त्याच्या आधी सोललेल्या शेंगांवर सुद्धा लोक भांडलेले. शेवटी तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी स्वतःच घेतला डबा. मी आईच्या पदराला धरून उभी होते, मला पळून जावंसं वाटत होतं. आई शांत. घरी येताना म्हणाली, "देवाला चालतं ना, मग झालं."

आईचं सगळं आयुष्य ह्या एका वाक्यावर गेलं. चांगली बाई होती माझी आई, माझ्यापेक्षा लाखपट चांगली. चुलीवर चहा ठेवायची आणि तो उकळेपर्यंत एक स्तोत्र म्हणायची. शाळा शिकली नव्हती, ऐकून ऐकून पाठ केलेली. चहाला उकळी आली की आमेन. तीच सवय मला लागली. सकाळी उठते, पाणी टाकते, आलं ठेचते, आणि ओट्यापाशी उभी राहून त्याच्याशी बोलते. गुडघे टेकायला वेळ कुठे असतो? डबा करायचा असतो, पाण्याची वेळ असते. पण तेवढ्यात तो येतो. खरंच येतो. कधी नवऱ्याच्या खोकल्याचं सांगते, कधी हॉस्पिटलमधल्या कुठल्या पेशंटचं. माझं देऊळ म्हणा, चर्च म्हणा, ते त्या पातेल्यापाशी आहे.

आणि त्या मीटिंगनंतर ते बंद झालं.

सकाळी पाणी ठेवायचे, तोंड उघडायचे, आणि शब्दच यायचा नाही. समोर टपरी दिसायची. बाईंची फुंकर दिसायची. चहा उतू जायचा, शेगडी विझायची, मी तशीच उभी. वैताग वैताग झालेला. लोकांनी माझा चहा नाकारला ते एक वेळ ठीक, पण ह्यांच्यामुळे माझी सकाळ गेली. माझ्या आणि देवाच्या मधे ह्या बायका येऊन उभ्या राहिल्या. मी त्याला म्हणायचे, तू तरी बोल काहीतरी. तू स्वतः बायबलातल्या त्या विहिरीवर परक्या, विटाळ मानलेल्या बाईकडे पाणी मागितलंस, लोक तोंडात बोटं घालतील ह्याची पर्वा केली नाहीस. ती गोष्ट मला कुणी शिकवली? बाईंनीच शिकवली, फळ्यावर विहीर काढून!

नवरा म्हणायचा, सोड ना ते चर्च. इकडे डोंबिवलीत हॉलमध्ये प्रार्थना होतात, टाळ्या वाजवतात, कुणाला कुणाचं काही माहीत नसतं. मी म्हटलं, मी का सोडू? माझा बाप्तिस्मा तिथे झालाय. माझी आई गेली तेव्हा तिला तिथूनच उचललं.

मग पवित्र गुरुवार आला, गुड फ्रायडेच्या आदला. त्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. पूर्वी सगळ्यांना एकच प्याला फिरायचा. कोरोनानंतर छोटे छोटे काचेचे ग्लास आले, प्रत्येकाला वेगळा. ते ग्लास धुवायचं काम माझं. कुणी दिलं, कधी दिलं, आठवत नाही. एकदा धुतले आणि ते माझेच झाले. सेवा आहे, म्हणायच्या बाई. मलाही अभिमान होता. कामावरून थेट जायचे आणि मागच्या छोट्या खोलीत गरम पाण्यात एक एक ग्लास अंगठा फिरवून धुवायचे, मऊ फडक्याने पुसायचे, उजेडात धरून बघायचे.

त्या दिवशी पण तसाच एक ग्लास उजेडात धरलेला आणि हात थांबला.

ह्या हातांनी धुतलेल्या ग्लासातून हे लोक प्रभूचं रक्त म्हणून द्राक्षरस पितात. ओठाला लावतात. डोळे मिटतात. आणि ह्याच हातांनी धुतलेल्या कपातला चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. म्हणजे इथे माझे हात त्यांना दिसतच नाहीत. घरी मी मालकीण होते, म्हणून दिसले.

इतकी वर्षं मला हे कळलं नाही. मी ग्लास खाली ठेवला. फडकं खुंटीला लावलं.

बाई आत आल्या. पाळकसाहेब मागे, हातात भाकरीचं ताट. बाई म्हणाल्या, अजून अर्धे राहिलेत, आटप. मी म्हटलं, "बाई, हे मी धुणार नाही."

बरं वाटत नाही का, म्हणाल्या. मी म्हटलं, मला चांगलं बरं वाटतंय. माझ्या घरी तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत आणि खाली जाऊन टपरीवर चहा प्यायलात. माझ्या हातचं चालत नसेल तर हे धुतलेले अर्धेही परत धुवा.

बाईंचा चेहरा लाल झाला. आजच्या पवित्र दिवशी तू भांडण काढतेस, म्हणाल्या. तुला मी लहानपणापासून ओळखते, तुझी आई किती नम्र होती. पाळकसाहेब मधे पडले. हळू आवाजात म्हणाले, ताई, आज तरी मनात काही ठेवू नका, क्षमा करून टाका.

मी विचारलं, "माफी मागितली कुणी?"

पाळकसाहेब ताटाकडे बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. त्यांना सगळं कळत होतं. त्या संध्याकाळी कपाला लागून मागे गेलेला हात त्यांचाच होता की.

आईची आठवण काढली बाईंनी, ते एक बरं केलं. डोक्यात ते वाक्य लख्ख वाजलं, आणि मी ते उलटं केलं. म्हटलं, "देवाला चालतं. मग तुम्हाला का नाही चालत?"

मी हात पुसले, बाहेर गेले आणि पहिल्या बाकावर बसले. आम्ही कायम मागे बसायचो, आई बसायची तिथे, खांबाच्या आड. उपासना त्या दिवशी उशिरा सुरू झाली. आतून नळाचा आवाज येत होता. बाई ग्लास धूत होत्या. अर्धे की सगळे, ते मला माहीत नाही. विचारायचीही इच्छा नाही. ट्रे माझ्यापुढे आला तेव्हा मी ग्लास उचलला आणि प्यायले. एक क्षण वाटलेलं, नको, मनात राग आहे, घेऊ नये. पण माझ्या आणि त्याच्या मधे आता मी कुणालाही उभं राहू देणार नव्हते, माझ्या रागालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ठेवलं आणि तोंडातून शब्द आला. स्तोत्र नाही आलं, भांडणच आलं. जाम भांडले त्याच्याशी. चहा उकळेपर्यंत. मग आमेन म्हटलं.

काही बदललेलं नाही, हे सांगून ठेवते. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात, तो बाई मला करत नाहीत. महिला मंडळात मी उद्धट झालेय. कुणीतरी म्हणालं, नोकरी लागली, पैसा आला, डोकं फिरलं. ग्लास आता दुसरी एक धुते, कळव्याची. तिलाही सेवा म्हणूनच सांगितलंय. मी तिला गाठून सगळं सांगितलंय. ऐकून घेतलं तिने.

पण मी चर्च सोडणार नाही. पहिला बाकही नाही. पुढच्या लेंटला मी परत माझं नाव देणार आहे आणि पाळकसाहेबांना ते आत्ताच सांगून झालंय. कप तेच आहेत, सोनेरी काठाचे. ह्या वेळी चहा आधी देणार, गायनाच्याही आधी. सगळ्यांच्या हातात कप, सुनंदा पण बसेल आमच्यात. जो पिईल त्याने माझ्या घरी शास्त्र उघडावं. ज्याचा उपास असेल त्याने खाली टपरीवर जाऊन प्रार्थना करावी. माझ्या घरावर आशीर्वाद मागायला मी आहे.