रोयणीची अळमी आणि माझी बाटली

डबा पुरता उघडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं. उदयनं तो मेजावर ठेवून झाकण जरासं सरकवलं आणि तो ओल्या मातीचा गोडसर वास खोलीभर झाला.

"ताय, हेचा लिक्विड कल्चर जातला काय?" त्यानं विचारलं.

डब्यात रोयणीची अळमी होती. रोयण म्हणजे वारूळ. गोव्यात आमच्या पेडण्यात आणि डिचोलीत पावसाळा नीट मुरला की वारुळांच्या आसपास ही रानातली अळंबी वर येते. दांडा लांब, जमिनीत खोल गेलेला, वर टोकदार टोपी. श्रावणात मासे बंद असतात, त्यामुळे तिला मान मोठा. कुणाची कुठे उगवते ते माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. उदयनं डबा आणला, पण रोयण नेमकी कुठे आहे ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एवढी रीत मला कळते.

उदय हळर्णचा. तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टला जातो आणि उरलेल्या वेळात घरी ओयस्टर मशरूम करतो. मी त्याच इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधून रिटायर झाले. नोकरीभर माझं काम एकच होतं. बुरशी शोधायची आणि सापडली की बॅच नापास करायची. प्लेटवर काही उगवलं की बॉसचं तोंड उतरायचं. आता मी घरी लिक्विड कल्चर बनवून मशरूमवाल्यांना विकते, आणि काही उगवलं नाही की माझं तोंड उतरतं.

लिक्विड कल्चर हे नाव भारी आहे, प्रकार साधा आहे. काचेच्या बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात थोडा मध. कुकरमध्ये वाफ देऊन ते निर्जंतुक करायचं. मग अळंबीच्या दांड्याच्या आतला, बाहेरच्या हवेला न लागलेला बारीक कण त्यात सोडायचा. काही दिवसांनी पाण्यात पांढरे धागे दिसतात. ते सिरिंजने वाफवलेल्या ज्वारीत टोचायचे. ज्वारी पांढरी झाली की ती भाताच्या पेंढ्यात मिसळून पिशव्या भरायच्या. ओयस्टर असेल तर पुढे फार अक्कल लागत नाही. पिशवीला भोकं पाडा, पाणी शिंपडा, मशरूम येतं. नव्या लोकांना मी सांगते, बाटली म्हणजे विरजण आणि पेंढा म्हणजे दूध.

रोयणीची अळमी अशी घरात होत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण त्या वासानं माझं डोकं फिरवलं. माझं माहेर लाटंबार्सेचं. घरामागे काजूंची चढण होती आणि चढणीवर आमची रोयण. बाबा काठी घेऊन पुढे चालायचे आणि एकदम थांबायचे. बोलायचे नाहीत, नुसती हनुवटी पुढे करायचे, की तिथे बघ. सागाच्या पानात अळमी गुंडाळून आम्ही घरी यायचो. आई भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावून तिचं तोणाक, म्हणजे दाट रस्सा, करायची आणि त्या दिवशी भाताचा टोप खरवडून संपायचा. पुढे भावांनी घर वाढवलं, चढण सपाट केली. त्यात कुणाचं काही चुकलं नाही. घर लागत होतं, बांधलं. पण अळमी गेली ती गेलीच, आणि आईबाबाही आता नाहीत. मला ती परत हवी होती. म्हणून मी उदयला म्हटलं, "बघूया."

रानातल्या अळंबीत माती फार, आणि मातीत नाही नाही ते जंतू. म्हणून कण बाटलीआधी जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटांवर ठेवले. पहिल्या प्लेटा सडल्या. घाण वास सुटला. माझे मिस्टर जेवता जेवता म्हणाले, "कंपनीत होतीस तेव्हा ह्या वस्तू तिथंच ठेवून यायचीस, ते बरं होतं." मी दांडा उभा चिरून अगदी गाभ्यातला कण पुन्हा घेतला. ह्या वेळी एक प्लेट स्वच्छ राहिली. वाढ मात्र इतकी सावकाश की मीच रोज बघायचं सोडून दिलं. त्या प्लेटवरचा तुकडा बाटलीत सोडला. चतुर्थीच्या तयारीत घर पुसत होते, सहज बाटली उजेडात धरली. तळाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे दाणे साचले होते.

मी तिथेच खाली बसले. हातात फडकं, डोळ्यात पाणी. मिस्टरांना हाक मारून दाखवलं तर ते म्हणाले, "ह्याला नैवेद्य दाखवायचा की काय?" मी बाटलीचा फोटो काढून उदयला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, काय आलंय."

चतुर्थीनंतर ज्वारीत टोचलं. ज्वारी कशीबशी पांढरी झाली. उदयनं आपल्या रोयणीकडची माती आणून दिली, ती वर घालून मी पिशव्या भरल्या. पाणी शिंपडलं, उघड्या ठेवल्या, झाकून ठेवल्या, जनेलाशी, म्हणजे खिडकीशी ठेवल्या, कोठीत ठेवल्या. काही नाही. धागे होते तेवढेच राहिले आणि मग पिवळे पडायला लागले. उदयचा फोन आला की मी म्हणायची, "चाललंय."

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी उदयची आई दारात उभी. पार्वतीकाकी. बसनं आली होती. मी चहा टाकते म्हटलं तर हातानंच नको म्हणाली आणि सोप्यावर टेकली.

"बाय, तुज्या बाटलेत आमची अळमी इली, ह्या खरा?"

"कोणी सांगितलं?"

"झिलान. माका फोटो दाखयल्यान. म्हणता, आता बारा महिने बाटलेतसून अळमी येतली, रोयण कित्याक होयी? फाल्यां जेसीबी सांगल्यान."

मला आधी कळेचना. मग तिनं सगळं सांगितलं. उदयला मशरूमसाठी खोली बांधायची होती. नोकरी सोडून पूर्णवेळ हाच धंदा करायचा त्याचा विचार होता. घराच्या मागे सावलीची जागा एकच, आणि तिथेच रोयण. ती पाडायला उद्या जेसीबी येणार होता. काकी नको म्हणत होती. ती लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या सासूनं तिला त्या रोयणीवर अळमी काढायला शिकवली होती. ओढायची नाही, हलकेच पीळ द्यायचा. कळ्या ठेवायच्या. भोक मातीनं बुजवायचं आणि सातेरीदेवीला हात जोडायचे. आमच्याकडे रोयण म्हणजे सातेरीच. काकी म्हणाली, देवळात कौल लावूया, देवी काय सांगते ते बघूया. तर उदय म्हणाला, कौल कशाला, बाटलीनं दिलाय की.

उदय चुकला असं मी म्हणणार नाही. ओयस्टरनं त्याला तेच शिकवलं होतं. बाटली पांढरी झाली म्हणजे पीक आलं. आणि त्याला नवीन खोली का हवी होती? त्यांचा गोठा रिकामा होता, पण तो बघायला मला नेलं तेव्हा मीच नापास केला होता. जुनं शेण, भिंतीत ओल, छपरात उंदीर. "इथं मशरूमपेक्षा दुसरंच पीक येईल," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते.

"काकी, बाटलीतून अळमी येणार नाही," मी म्हटलं.

ती पदर सावरून उठली. मग म्हणाली, "ता तू येवन सांग. माजा तो आयकणा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरनं हळर्णला गेले. जेसीबी आधीच येऊन उभा होता, पण बंद. ऑपरेटर बेळगावकडचा, तोंडात दातवण घालून टायरवर बसला होता. उदय नारळ आणायला दुकानात गेला होता.

"नारळ फोडल्याबिगर मी वारुळाला बकेट लावत नाही बगा," ऑपरेटर मला म्हणाला. "आमच्यात नागोबा असतो त्यात."

उदय नारळ घेऊन आला आणि मला बघून खूश झाला. त्याला वाटलं, मी खोलीची जागा बघायला आलेय. काकी मागच्या दारात उभी राहिली.

"उदय, बाटलीत आहे ती अळमी नाही," मी म्हटलं.

"मगे किदें?"

"तिचे धागे. नुसतं विरजण."

"विरजण आसा तर दही जातलाच. तुमीच शिकयला माका."

"दूध कुठं आहे?"

"पेंढो आसा मगे."

"हिला पेंढा चालत नाही. वाळवी पानं, लाकूड चावून आत नेते, त्याचा थर लावते आणि त्यावर ही बुरशी पोसते. जशी आपण पिशवीत पोसतो तशी. वाळवी तिची राखण करते, सफाई करते, खाते पण तीच. पावसात त्या थरातून अळमी वर येते. हे सगळं ह्या मातीच्या खाली चालतं. मी कुकर लावू शकते, सिरिंज टोचू शकते. वाळवीचं काम मला येत नाही."

त्यानं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पूण फोटो तुमीच धाडलो, ताय."

"हो, मीच पाठवला. धागे आले म्हणून मला आनंद झाला होता. त्यानंतर मी पिशव्या भरल्या. एकीतही काही आलं नाही."

"फुडल्या वर्साक जातला?"

माझ्या तोंडावर "बघूया" आलं होतं. अगदी ओठांवर. कारण माझ्या मनात तेच होतं. माती बदलू, ओल बदलू, अजून एक प्लेट लावू. बाबांची ती पुढे केलेली हनुवटी मला त्या पिशव्यांत बघायची होती. पण मी बघूया म्हटलं असतं तर बकेट पडलीच असती.

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. माझ्याच्यानं होणार नाही ते. हे पाडलंस तर तुमच्या घरात अळमी संपली. आमच्या लाटंबार्सेला संपली, तशी." शेवटच्या शब्दाला माझा आवाज फुटला, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

उदय चिडला. चिडणारच. "मगे हांवें खोली खंय बांदपाची? तुमच्या टाळक्यार?"

"उदय, ताय आसा ती," काकीनं दटावलं. मग म्हणाली, "माजी खोली घे. थंड आसा. मी वसरेर न्हिदतंय."

काकी स्वतः ओसरीवर झोपायला तयार होती. तिची खोली मी पाहिलेली होती. चिऱ्याच्या जाड भिंती, उत्तरेचं जनेल. मशरूमला ह्याहून चांगली जागा त्या घरात नव्हती. उदयनं आईकडे बघितलं आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. खाली मान घालून तो म्हणाला, "आवय, तुजी खोली घेवन हांव किदें करूं?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑपरेटरसुद्धा.

मी म्हटलं, "चल, गोठा परत दाखव."

नोकरीत मी नापास केलेली बॅच कधी पास केली नव्हती. त्यासाठी बॉसशी भांडले होते, एकदा तर त्यानं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दिवशी गोठ्यात उभी राहून मी म्हटलं, "होईल." जमीन खणून जुनी माती बाहेर काढा. नवी घालून कोबा करा. भिंतींना चुना, छपराच्या आतून प्लॅस्टिक, दाराला जाळी. उदय म्हणाला, "आदीं तुमी नाका म्हणिल्लें." मी म्हटलं, "तेव्हा मी कंपनीतली होते." खरं तर तेव्हाही मी रिटायरच होते, पण त्यानं ते काढलं नाही.

जेसीबी आलाच होता, म्हणून गोठ्यासमोरचा मातीचा ढीग त्याच्याकडून हलवून घेतला. नारळ गोठ्याच्या उंबऱ्यावर फोडला. ऑपरेटरनं खोबऱ्याचा तुकडा वारुळापाशी ठेवला, पाया पडला आणि गेला.

गोठ्यात ओयस्टर येतं. पावसात काही पिशव्या हिरव्या पडतात, म्हणजे दुसरीच बुरशी लागते, आणि उदय मला फोन करून गोठ्याच्या नावानं बोलतो. मी ऐकून घेते. त्यानं नोकरी अजून सोडलेली नाही. नवीन खोली झाली असती तर सोडली असती, असं तो म्हणतो, आणि ते खरंही असेल. माझ्याकडची बाटली मी बरेच दिवस जनेलात ठेवली होती. शेवटी पाणी गढूळ झालं तेव्हा ओतून टाकली.

पुढच्या श्रावणात उदय शिफ्टला जाताना माझ्याकडे थांबला. सागाच्या पानाची पुडी होती, दोऱ्यानं बांधलेली. म्हणाला, "आवयन धाडल्या. सांगल्यान, तायेक म्हणचें, हे बाटलेत घालूं नाका, खा."

मी तोणाक केलं. आईच्या हातची चव आली नाही. मिस्टर म्हणाले, मीठ जरा जास्त झालंय. टोप मात्र खरवडून संपला.

अजूनही लोक येतात. कुणाला डोंगरावरची अळमी हवी असते, कुणाला फणसाच्या ओंडक्यावरची. हिचं लिक्विड कल्चर करून द्या म्हणतात. मी बाटली धुवायला घेण्याआधी एकच विचारते: ती आता जिथं उगवते, तिथं तुम्हांला काय बांधायचंय?