मिझुए आणि कापडी देवमासा

जपानात इमाबारीला आमच्या जहाजबांधणीच्या गोदीत मिझुए हिगाकी क्रेन चालवायची. जहाजाचे पोलादी भाग उचलायचे आणि जागच्या जागी अलगद ठेवायचे, हे तिचं काम. ती वर केबिनमध्ये, मी खाली जमिनीवर, हातांच्या खुणांनी तिला दिशा दाखवायला. तेवढ्या उंचीवरून तिला माझे पिवळे हातमोजे तेवढे दिसत.

"चेहरा दिसत नाही तेच बरं, कुरातानीसान," ती म्हणायची. "नाहीतर हसू आवरलं नसतं."

मग एका हिवाळ्यात एक दिवस समुद्रावरून एकाएकी वारा उठला. वर लोंबकळणारा भाग जोरात हेलकावला आणि माझ्या डोक्यावरून सपकन गेला. मी अंग टाकून दिलं म्हणून वाचलो. खांदा खरचटला, बाकी काही नाही. चौकशी झाली, दोष कुणाचाच निघाला नाही. पण मिझुए त्या दिवशी शिडीवरून उतरली ती परत चढली नाही. तिने स्वतःहून कोठारातलं काम मागून घेतलं.

मी तिला जेवणाच्या सुट्टीत गाठायचो. "हे बघ, मी धडधाकट आहे. जेवतोय."

"दिसतंय ना. दोघांचं जेवताय," ती म्हणायची. पण नजर डब्यातून वर यायची नाही. एकदाच बोलली, "हात क्रेनच्या दांड्यावर ठेवला की मला तुम्ही खाली पडलेले दिसता."

ती आईबरोबर राहायची. आई, फुमिनोसान, टॉवेलच्या गिरणीतून निवृत्त झालेली. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. घरात बसून कंटाळा येतो म्हणून तिने एक जुना व्हिडिओ गेम विकत आणला होता. त्यात एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात बेटाबेटांवर फिरते. एका बेटावर जत्रा असते. तिथला नावाडी म्हणतो, माझ्या लेकीला त्या काचेच्या पेटीतला देवमासा काढून दे, मगच पुढे नेतो. पेटीत वरून एक लोखंडी पंजा सोडून कापडी देवमासा उचलायचा आणि कोपऱ्यातल्या भोकात टाकायचा. फुमिनोसान तिथेच अडकली होती.

तिने मला फोन केला. "रविवारी या हो जरा. घरात क्रेनवाली पोरगी असून मी आठवडेच्या आठवडे एकाच बेटावर बसलेय! हात लावायला तयार नाही बया."

मी संत्री घेऊन गेलो. दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. फुमिनोसान टीव्हीसमोर, मिझुए मागे कपड्यांच्या घड्या घालत.

"कुरातानीसान आलेत," आई म्हणाली. "आता त्यांच्यासमोर तरी नाही म्हणून दाखव."

"आई, हे खेळणं आहे."

"मग खेळ की! मला मरायच्या आधी त्या पोरीचा भाऊ सापडायला हवा."

मिझुएने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि कंट्रोलर हातात घेतला. पंजा उजवीकडे सरकला, थांबला, झुलायला लागला. तिने सवयीने झोक्याच्या मागोमाग पंजा न्यायला बटण दाबलं, तर पंजा धाडकन खाली गेला आणि काहीच न घेता वर आला. पेटीजवळचं टोपीवालं पाणमांजर कमरेत वाकून म्हणालं, "काही हरकत नाही! पुन्हा एकदा?"

"खऱ्या क्रेनवर अशीच चालवतेस?" आई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला देवमासा निम्म्यावर आला आणि सुटून धप्पकन पडला. मिझुए जागच्या जागी गोठली. पडद्यावर ते पाणमांजर पुन्हा वाकलं. "काही हरकत नाही! पुन्हा एकदा?"

ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. "केवढं निर्लज्ज आहे हे!"

"खाली कोण आहे?" मी विचारलं.

"कुठे?"

"पेटीत. देवमाशाच्या खाली."

"चार कापडी खेकडे."

"मग पाड की बिनधास्त."

तिने पाडला. परत परत पाडला. देवमासा मधोमध पकडला तर निसटतो, शेपटीकडून ढकलला तर भोकाकडे लोळतो, हे हळूहळू तिच्या ध्यानात आलं. मी कधी उठून टीव्हीशेजारी उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी खुणा करायला लागलो, माझं मलाच कळलं नाही. थोडं उजवीकडे. थांब. झोका जाऊ दे. आता खाली. ती पडद्याकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघत होती. पंजाने शेपटी दाबली, देवमासा कलंडला आणि भोकात पडला. फुमिनोसानने गुडघे विसरून उडी मारली आणि मग "आई गं" म्हणत माझ्या खांद्याला लटकली.

त्याच आठवड्यात मिझुए मुकादमाकडे गेली. "मला नुसतं वर जाऊन बसू द्या," म्हणाली. पहिल्या दिवशी बसली आणि उतरली. मग काही दिवस रिकामा हूकच फिरवला. खऱ्या ओझ्याची वेळ आली तेव्हा मला म्हणाली, "खाली तुम्ही नको. दुसरं कुणीतरी."

"दुसऱ्या कुणाचे हात तुला वाचता येतात?"

तिने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. "लांब उभे राहा. अजून लांब. तुमचं पोट धरून मोजा." आणि चढली.

तिने जिन्याच्या कठड्याचा एक तुकडा उचलला. फार जड नव्हता. फार सावकाश आणला, वाटेत दोनदा थांबली, आणि टेकवला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मी वर हात केला. केबिनच्या काचेमागून तिनेही केला.

आता ती रोज वर जाते. वारा फिरला तर काम थांबवून खाली येते, "आत्ता नाही" म्हणते आणि चहा ओतून घेते. कुणी चकार शब्द काढत नाही. शरद ऋतूत जहाज पाण्यात सोडलं तेव्हा फुमिनोसान घडीची खुर्ची घेऊन आली होती. शेजारच्या अनोळखी माणसाला बोट दाखवून सांगत होती, "ती बघा, ती माझी पोरगी!" बोट चुकीच्या क्रेनकडे होतं. मी तिचे खांदे धरून तिला हळूच वळवलं.

"हां, ती," ती म्हणाली. "तीच."