बोक्याचा कप्पा

आमच्या फ्रीजरमध्ये पहिल्यांदा मांस ठेवलं गेलं तेव्हा माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ठेवलं ते माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने. आधी बर्फाचे ट्रे काढले, मटारच्या पिशव्या खालच्या कप्प्यात कोंबल्या, वरचा कप्पा ओल्या फडक्याने पुसला आणि कोंबडीचं मांस, कलेजी, आणि हृदयाबरोबर पेटे, म्हणजे कोंबडीची जठरं, असे तीन डबे एकावर एक रचले. डब्यांवर त्याने कागदाच्या पट्ट्या चिकटवून सुवाच्य अक्षरात वार लिहिले होते. मी ओट्याशी उभी राहून बघत होते. त्याने दार लावलं आणि मला म्हणाला, "हा कप्पा आता बोक्याचा."

बोका आमच्या मुलीचा. ठाण्याला नोकरी करत होती तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये तिला सापडला. मग तिला बंगळूरची नोकरी मिळाली. "दोन महिने सांभाळा, घर मिळालं की नेते," असं सांगून तिने त्याला आमच्या डोंबिवलीच्या घरी आणून सोडलं, त्याला आता तीन वर्षं होतील. नवरा तेव्हा नुकताच रिटायर झाला होता. सुरुवातीला सोफ्यावर केस पडतात म्हणून कुरकुरायचा. महिनाभरात बोका त्याच्या पेपरवर झोपायला लागला आणि नवरा त्याच्याखालून पेपर हळूच सरकवून वाचायला लागला. माझा नवरा मुळात अबोल. पण बोक्याला तो हवामान सांगायचा, पाणी कधी जाणार ते सांगायचा. मी आतून ऐकायचे.

गेल्या वर्षी बोक्याला खाज सुरू झाली. कानामागचे केस गेले, तिथे रक्त येईपर्यंत तो खाजवायचा. पाकिटातलं कोरडं खाणं खाल्लं की अर्ध्या तासात जसंच्या तसं ओकून टाकायचा. इथल्या दोन डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. दहा दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी मुलीने फोनवरून ठाण्याची एक डॉक्टर शोधून दिली. टोपलीत घालून, रिक्षाने, आम्ही दोघं त्याला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सगळं नीट तपासलं आणि म्हणाली, "पाकिटातलं काहीतरी याला सोसत नाहीये असं वाटतंय. कच्च्या मांसावर आणून बघू. पण मनाने करू नका. नुसतं चिकन घालून भागत नाही. कलेजी थोडीच, हृदय, पेटे लागतात, हाडाचा चुरा लागतो, वरून ही पावडर. मांस आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि हात, भांडी, ओटा सगळं साबणाने स्वच्छ." मग आमच्याकडे बघून ती जराशी थांबली. आमचं आडनाव तिच्या पुढ्यातल्या कागदावर होतं. "तुमच्या घरी चालेल ना, काका?"

"न चालायला काय झालं?" नवरा म्हणाला. "जिवाचा प्रश्न आहे."

त्याला एक क्षणही लागला नाही. येताना रिक्षात तो हातातली यादी वाचत होता आणि मी बाहेर बघत होते.

मी खाडीकाठच्या गावातली. आमची मिठागरं होती, भाताची थोडी खाचरं होती. आता त्यावर टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकात माझा भाऊ राहतो. लहानपणी आमच्याकडे रोज मासा असायचा. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी आय म्हणायची, "आज जेवान नाय गो बाय, नुसता भात हाय." मी शिकले, बँकेत लागले. तिथेच नवरा भेटला. शाकाहारी घरातला, विधवा आईचा एकुलता एक. सासूबाईंनी लग्नाला होकार दिला, एका अटीवर. घरात आणायचं नाही आणि बाहेरही खायचं नाही. "आई आहे तोवर," नवरा म्हणाला होता. मी सव्वीस वर्षांची होते. मासा ही काय सोडायला अवघड गोष्ट आहे, असं मला खरंच वाटलं होतं.

सासूबाई पुढे चोवीस वर्षं होत्या. त्या वाईट नव्हत्या. माझ्या नोकरीच्या काळात मुलीचं सगळं त्यांनी केलं. पण माहेरी जाऊन आले की त्या मला दारातच विचारायच्या, "आंघोळ करतेस ना?" मी खाल्लं की नाही, हे त्या विचारायच्या नाहीत. मी आंघोळ करायचे. मग आय गेली, माहेरी जाणं कमी झालं, आणि आंघोळीचा तो प्रश्नच संपला. सासूबाई गेल्या त्याला सात वर्षं झाली. त्यांच्यानंतर काहीतरी बदलेल असं मला वाटलं होतं का, ते आता सांगता येत नाही. मी काही बोलले नाही. त्यानेही विषय काढला नाही.

पहिल्या दिवशी त्याने हातमोजे घातले, पेपर पसरला, वजनकाटा मांडला आणि कलेजीचा डबा उघडला. लाल पाणी पेपरवर सांडलं. तो तसाच मागे सरला, बेसिनवर वाकला, आणि पाच मिनिटांनी हॉलमधून म्हणाला, "तू करतेस का? मला नाही जमणार. तुला सवय आहे."

एकतीस वर्षं ही सवय या घरात कुणाला आठवली नव्हती. किंबहुना ती विसरावी म्हणूनच सगळी धडपड होती. मी हातमोजे घातले नाहीत. कलेजीवरचा पापुद्रा बोटाने सोलला, पेट्यांची पिवळी साल काढली. हात आपोआप चालत होते. फक्त आमच्या भाजीच्या सुरीने मांस नीट तुटेना, म्हणून मी भावाला फोन केला.

"आयची मासे कापायची विळी आहे का रे अजून?"

"हाय ना. माळ्यावर परली हाय." मग त्याने विचारलं, "तुजे घरान विली कशाला?"

"मांजराचं कापायला."

"मांजराचं?" त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "बरं. आनून देतो." त्याने ती पेपरात गुंडाळून आणली, धार लावून. दारातच दिली. "आत ये की," नवरा म्हणाला, मनापासून म्हणाला. भाऊ म्हणाला, "नको, गाडी खाली उभी आहे."

बोक्याने पंधरा दिवस मला रडवलं. कच्चं मांस पुढे ठेवलं की तो वास घ्यायचा आणि वाटीकडे पाठ करून बसायचा. उपाशी ठेवायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर बिघडतं म्हणे. मग त्याच्या आवडीच्या, टिनमधल्या ओल्या खाण्यात नखाएवढं मांस कालवायचं. दोन दिवसांनी अर्धा चमचा. ते त्याने बाजूला काढून ठेवलं की पुन्हा मागे यायचं. फ्रीजमधलं गार मांस तो तोंडाला लावायचा नाही, म्हणून वाटी कोमट पाण्यात धरून बसायचं. एकदा मी त्याच्या पंजालाच कलेजी चोळली. त्याने रागाने पंजा चाटला, थांबला, पुन्हा चाटला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा आपणहून वाटीत तोंड घातलं.

नवरा मागे उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खातोय," तो म्हणाला. "बघ, खातोय."

दोन महिन्यांत बोक्याचं ओकणं थांबलं. कानामागे आधी बारीक लव आली, मग केस. नवरा बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगायचा, "आम्ही रॉ फूडवर ठेवलंय त्याला. निसर्गतः ते मांसाहारीच. त्यांच्या प्रकृतीविरुद्ध खायला घातलं तर आजारीच पडणार." चिकनच्या दुकानात तो आता एकटा जायचा. दुकानदार त्याला ओळखायला लागला होता. मुलीला आम्ही व्हिडिओवर दाखवलं. मी विळीवर कापत होते आणि ती तिकडून बघत होती.

"आई, किती फास्ट. तुला किळस नाही येत? हे कुठे शिकलीस तू?"

मी तिला काय सांगणार? तिची आजी टोपलीभर मासे बोलता बोलता साफ करायची, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. ती आजोळी गेली की नाक दाबून बसायची आणि सासूबाई ते कौतुकाने सांगायच्या. "लहानपणी," मी म्हणाले.

त्या आठवड्यात बाजारात मला ताजी मांदेली दिसली. मी घेतली नाही. घरी आले, नवरा डब्यांवर नव्या पट्ट्या चिकटवत होता. मी त्याच्यासमोर बसले.

"उद्या मांदेली आणणार आहे."

"बोक्याला? डॉक्टर म्हणाली होती मासा जास्त नको."

"मला."

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. "घरात?"

"फ्रीजर भरलाय मांसाने. ओट्यावर रोज कलेजी कापते मी. शाकाहारी घर अजून कुठलं राहिलं?"

"ते औषध आहे गं. त्याचं वेगळं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि तू कधी म्हणालीस? इतक्या वर्षांत एकदा तरी मागितलंस? मी नाही म्हटलं असतं का?"

मी मागितलं होतं. एकदा. मुलीच्या वेळी, सातव्या महिन्यात. पोटात अन्न ठरत नव्हतं आणि कोलंबीच्या कालवणाशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येत नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मी आयलाही कळवलं. ती दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली, कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं. तिला बाहेर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे चालत नाही हो." आय म्हणाली, "तिचे पोटान पोर हाय." सासूबाई म्हणाल्या, "ते आमचंच आहे."

मी आतल्या खोलीतून नवऱ्याकडे बघत होते. तो उठला. मला वाटलं, डबा आत आणेल, निदान जिन्यात बसून खा म्हणेल. त्याने आयच्या हातातून डबा घेतला, खाली गेला, कंपाउंडमधल्या मांजरांपुढे रिकामा केला, बाहेरच्या नळावर घासला आणि धुतलेला डबा तिला परत आणून दिला. नम्रपणे, दोन्ही हातांनी. आय त्यानंतर माझ्या घरी कधी आली नाही.

हे सगळं मी त्याला त्या दिवशी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, कारण आवाज चढवला असता तर तो आवाजाबद्दलच बोलला असता.

त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "कुठला डबा?"

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचा चेहरा ओळखते. तो मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला आठवत नव्हतं. तीस वर्षं मी गृहीत धरलं होतं की ही गोष्ट त्यालाही कुठेतरी टोचत असणार, म्हणून तो बोलत नाही. त्याच्याकडे ती गोष्टच नव्हती. "आईने सांगितलं असेल तेव्हा," तो म्हणाला, "मी केलं असेल. मला खरंच आठवत नाही गं."

दुसऱ्या दिवशी मी मांदेली आणली. आयच्या विळीवर साफ केली, हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवली आणि तळली. नवरा तेल तापायच्या आधीच चपला घालून खाली गेला. जाताना सगळ्या खिडक्या उघडून गेला. मी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली. चव तीच होती. पण ती कुणाला सांगावी असं कुणी घरात नव्हतं, आणि पोटभर खाऊन झाल्यावरही मला बरं वाटलं नाही. बोका पायाशी घोटाळत होता. त्याला मी काही दिलं नाही.

नवरा तासाभराने आला. भांडला नाही. दहीभात कालवून हॉलमध्ये जेवला. पुढच्या रविवारी त्याने मला एक नवी कढई आणून दिली, चांगल्या कंपनीची, जाड बुडाची. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. आणि ती त्याने बाल्कनीतल्या मांडणीवर ठेवली, जिथे बोक्याच्या वाट्या, त्याचा वजनकाटा आणि त्याच्या शी-शूची माती असते.

त्याला वाटलं होतं, मी खूश होईन.

दोन दिवस मी ती कढई तिथेच राहू दिली. तिसऱ्या दिवशी उचलून आत आणली आणि दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. संध्याकाळी त्याने ती बघितली आणि पेपर घेऊन तो हॉलमध्ये गेला. आता दर रविवारी मी मासे करते, कधी मांदेली, कधी बोंबील. बोक्याची तब्येत उत्तम आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरने वजन करून शाबासकी दिली. नवऱ्याने मात्र स्वतःसाठी चहाचं वेगळं पातेलं आणलंय. चहा झाला की तो ते धुतो, पुसून कोरडं करतो आणि हॉलमधल्या कपाटात, त्याच्या फायलींच्या शेजारी, ठेवून देतो.